कमी खर्चात शोअर डाइव्ह आणि नाईट डाइव्ह: प्लॅन कसा करावा?

बुडबुडा
नमस्कार मंडळी. मी आणि माझा मित्र, दोघांकडेही ओपन वॉटरचं (स्कूबा डाइव्हिंगचं पहिल्या पायरीचं) सर्टिफिकेट आहे, समुद्रकिनारी आठवडाभराची ट्रिप ठरवतोय. रोज बोटीने डाइव्हला गेलो तर अर्धं बजेट तिथेच उडणार, म्हणून विचार असाय की बोट एखादाच दिवस आणि बाकी सगळं किनाऱ्यावरून चालत पाण्यात, म्हणजे शोअर डाइव्ह. शिवाय एक नाईट डाइव्ह करायचीच आहे, ती दोघांनीही अजून केलेली नाही. हवेच्या टाक्या भाड्याने घेऊन गाईडशिवाय दोघंच गेलो तर चालतं का? स्वतःचं सामान काय काय घ्यावं? टॉर्चवर किती पैसे घालावेत? भरती-ओहोटीतलं मला फार कळत नाही हे आधीच सांगून ठेवतो.

तिरकी चाल
तारखा ठरल्यात का? नसतील तर बाकी सगळे प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी तारखा बघा. लोक तिकीट स्वस्त मिळालं की बुक करून टाकतात आणि मग समुद्राने आपल्या सुट्टीप्रमाणे वागावं अशी अपेक्षा ठेवतात.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती जास्त चढते, ओहोटी जास्त उतरते, पण वेळ तेवढाच, म्हणजे तेवढ्याच वेळात जास्त पाणी ये-जा करणार आणि करंट जोरात लागणार. दोन्ही अष्टम्यांच्या सुमारास भांग, तेव्हा फरक कमी आणि पाणी त्यामानाने शांत. बऱ्याच किनाऱ्यांवर भांगाचा परिणाम अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी दिसतो, म्हणून अष्टमी ते दशमी हे दिवस ट्रिपच्या मधोमध येतील असं बघा.

भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण ६ तास १२ मिनिटं धरा, आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. आज संध्याकाळी ६ ला असेल तर चार दिवसांनी साडेनऊच्या अलीकडे. या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही, पहिल्या आणि शेवटच्या तासात एकूण फरकाचा बारावा भागच, आणि मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं. त्या मधल्या दोन तासांत आत जायचं नाही. भरतीच्या टोकाला आगेमागे थोडा वेळ पाणी थबकतं तो आपला वेळ, पाणी स्वच्छही असतं आणि खडकांवरून टाकी घेऊन तंगडतोड कमी होते. फक्त अरुंद खाडीच्या तोंडाशी हे गणित चुकतं, तिथे भरती पूर्ण झाली तरी करंट चालूच असू शकतो, ते तिथल्या माणसालाच विचारायचं.

शिंपला
+१ तारखांना. आणि नाईट डाइव्हसाठी यातच एक गंमत आहे. शुक्ल अष्टमीला चंद्र सूर्यास्ताच्या वेळी डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, म्हणजे भांग पण मिळतो आणि संध्याकाळी किनाऱ्यावर चालायला-तयारी करायला थोडा उजेड पण. कृष्ण अष्टमीला चंद्र मध्यरात्री उगवतो, संध्याकाळ पूर्ण काळोखी, पाण्यात चमकणारे सूक्ष्मजीव असतील तर ते तेव्हा झकास दिसतात. पहिल्यांदाच जाताय तर शुक्ल घ्या.

खारट
जरा वेगळा सूर लावतो, रागावू नका. "शोअर डाइव्ह स्वस्त" हे अर्धसत्य आहे. बोटीच्या पैशात बोट येते हे खरं पण त्याच पैशात साईट निवडणारा माणूस येतो, करंट बघून आज इथे नको तिथे म्हणणारा माणूस येतो, तुम्ही भलतीकडे वर आलात तर उचलायला येणारी बोट येते, बोटीवर ऑक्सिजन असतो. किनाऱ्यावरून गेलात की ही सगळी कामं तुमच्या गळ्यात. ती नीट करायची तयारी असेल तरच ते स्वस्त.

दोघंच जाण्याबद्दल: ओपन वॉटरवाल्या दोन बडींनी (डाइव्हमधल्या जोडीदारांनी) १८ मीटरच्या आत, ट्रेनिंग झालं त्यासारख्याच परिस्थितीत गाईडशिवाय जाणं हे त्या सर्टिफिकेटात बसतं. पण कित्येक ठिकाणी स्थानिक नियम गाईडशिवाय जाऊच देत नाहीत, कुठे परवाना लागतो, कुठे मरीन पार्कची फी. तिकीट काढायच्या आधी दुकानाला मेल करून सरळ विचारा: फक्त टाकी आणि वेट्स (कमरेची वजनं) देता का, गाईडशिवाय देता का, आधी चेक डाइव्ह (दुकानाच्या माणसासमोर चाचणीची डाइव्ह) लागते का. नाही म्हणाले तर तुमचं सगळं बजेटच बदलतं.

बुडबुडा
तारखा अजून ठरल्या नाहीत, बरं झालं विचारलं. खारटराव रागावत कशाला, उलट असंच सांगा. पण मग गाईड घ्यायचाच नाही का घ्यायचाच?

खारट
पहिल्या दिवशी घ्या आणि पहिल्या नाईट डाइव्हला घ्या. मधल्या, दिवसाउजेडी डाइव्ह तुम्ही दोघं करा. पहिल्या दिवशी गाईडकडून माशांची नावं नका शिकू, उतरायची जागा, बाहेर यायची जागा, वारा फिरला तर दुसरी बाहेर यायची जागा आणि करंट कुठून कुठे वाहतो हे काढून घ्या.

अर्धवट
जिथे शोअर डाइव्हिंगचा धंदाच मुरलेला आहे तिथे गेलं तर निम्मी डोकेदुखी जाते असं माझं मत. कॅरिबियनमधल्या बोनेर बेटावर तर साईटची नावं लिहिलेले पिवळे दगड रस्त्याकडेला ठेवलेत, गाडीत टाक्या टाकायच्या आणि दगड बघून थांबायचं. बालीत तुलांबेनला यूएसएटी लिबर्टीचं बुडालेलं जहाज किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर पडलंय. १९४२ ला त्याला टॉर्पेडो लागला, मग ते किनाऱ्यावर ओढून ठेवलं होतं आणि १९६३ च्या ज्वालामुखीच्या उद्रेकात घसरून पाण्यात गेलं. एरवी जहाज बघायचं म्हणजे बोट आलीच, इथे चालत. अशा ठिकाणी टाकी भरून देणारे, सामान उचलणारे सगळे असतात. कुठल्यातरी सुंदर निर्जन किनाऱ्यावर जायचं आणि टाकी भरायचा कंप्रेसर ४० किलोमीटरवर, ती स्वस्त ट्रिप नव्हे.

शिंपला
हवेचं गणित कोणीच सांगितलं नाही अजून, आणि स्वस्त पडण्यात निम्मा वाटा त्याचा आहे. नेहमीची ११ लिटरची टाकी, २०० बार (टाकीतल्या दाबाचं माप), म्हणजे २२०० लिटर हवा. ५० बार राखीव सोडा, उरली १६५० लिटर. माणूस पृष्ठभागावर मिनिटाला साधारण २० लिटर घेतो असं धरलं तर १० मीटरवर दाब दुप्पट म्हणून ४० लिटर, म्हणजे ४१ मिनिटं. तीच टाकी १८ मीटरवर २९ मिनिटं, आणि ६ मीटरवर ५१ मिनिटं. पैसे टाकीचे द्यायचेत, खोलीचे नाही. शोअरवर बहुतेक मजा ५ ते १२ मीटरमध्येच असते आणि रंगही तिथेच दिसतात, मग खोल कशाला जायचं.

बाहेर जाताना पृष्ठभागावरून स्नॉर्केल लावून किंवा पाठीवर पोहत जायचं, ती हवा टाकीतली वाया घालवायची नाही. आणि टाकीतला दाब दाखवणारा काटा कुठे आला की परतायचं हे आधीच ठरवायचं. २०० ने सुरू केलं तर दोघांपैकी जो जास्त हवा खातो त्याचा काटा १३० वर आला की वळायचं, समोर देवमासा असला तरी. किनाऱ्यावरून गेलात की परतीचा रस्ता पण टाकीतच मोजायचा असतो.

अर्धवट
समोर देवमासा असेल तर माझा काटा तसाही पाच मिनिटांत १३० वर येईल :)

निवांत मासा
नाईट डाइव्हबद्दल मी लिहिते, बरेच वर्षं लोकांना पहिल्यांदा रात्री पाण्यात नेण्याचं काम केलंय.

पहिला नियम, जिथे दिवसा गेलात तिथेच रात्री जायचं. रात्रीची साईट नवी नको, खोलीही दिवसापेक्षा कमी. रात्री तुम्ही टॉर्चच्या झोतात मावेल एवढंच बघता त्यामुळे एकाच छोट्या खडकाभोवती अख्खी टाकी संपते आणि कोणी तक्रार करत नाही. आता यातली बारीक गोष्ट, जी पुष्कळ लोकांच्या लक्षात येत नाही. दुपारी १२ ला भरती असताना जागा बघून आलात आणि संध्याकाळी साडेसहाला उतरलात तर तुम्ही बरोब्बर ओहोटीला उतरताय. दुपारी जिथून आरामात पाय टाकला तिथे आता शेवाळलेले खडक उघडे पडलेत आणि लाट त्यांच्यावर फुटतेय. म्हणून पाहणी आदल्या दिवशी संध्याकाळी, त्याच वेळेला करायची, भरती फक्त ५० मिनिटांनी सरकलेली असते. त्याच वेळी कंपासवर दिशा लिहून घ्या, जाताना १२० तर येताना ३००. किनाऱ्याजवळ वाळूवरच्या लाटांच्या रेघा बहुतेक किनाऱ्याला समांतर असतात, त्या आडव्या कापत आणि उथळ होत गेलात की किनारा येतो.

उतरायचं सूर्यास्ताच्या सुमारास, आत असतानाच काळोख होऊ द्यायचा. एकदम काळ्या पाण्यात पाय टाकण्यापेक्षा मनाला हे फार सोपं जातं. आणि ही वेळ बघण्यासारखी असते, दिवसाचे मासे फटी शोधत असतात आणि रात्रीचे बाहेर निघायला लागतात. पोपटमासे काही जातींत स्वतःभोवती चिकट पदार्थाची पिशवी तयार करून तिच्यात झोपतात, ऑक्टोपस शिकारीला निघतात, दिवसा बंद असलेले प्रवाळाचे पॉलिप बाहेर येतात. दिवसा निळंकरडं दिसणारं सगळं रात्री लाल-केशरी दिसतं कारण पाणी लाल रंग आधी शोषतं आणि टॉर्चचा उजेड हातभर अंतरावरून येतो, शोषायला पाणीच नसतं मध्ये.

टॉर्चच्या खुणा आधी किनाऱ्यावर ठरवा. तळावर गोल फिरवला म्हणजे ठीक, भराभर आडवा हलवला म्हणजे इकडे बघ, गडबड आहे. हाताची खूण करताना उजेड स्वतःच्या हातावर टाकायचा, समोरच्याच्या डोळ्यांत कधीही नाही. बडी दिसेनासा झाला तर स्वतःचा टॉर्च छातीशी झाकून गोल फिरून त्याचा उजेड शोधायचा, एक मिनिट, आणि नाही सापडला तर सावकाश वर. दोघांनाही हे माहीत असेल तर दोघंही वर भेटतात.

बुडबुडा
निवांत मासा ताई, दंडवत. त्या संध्याकाळच्या पाहणीचा मुद्दा मला कधीच सुचला नसता. टॉर्चचं काय? ऑनलाईन दहा हजार ल्युमेनवाले दिसतायत.

निवांत मासा
ते व्हिडिओवाल्यांचे. पाण्यात थोडा गाळ असला की एवढा पसरट उजेड कणांवर आपटून परत तोंडावर येतो. ५०० ते १००० ल्युमेन, अरुंद झोत, पुरे. पण माणशी दोन, एक मुख्य आणि एक छोटा खिशात, शिवाय टाकीच्या मानेला एक लुकलुकता दिवा. एकच महागडा घेण्यापेक्षा दोन साधे केव्हाही बरे. मुख्य टॉर्च दुकानाकडून भाड्याने मिळतो, छोटा स्वतःचा घ्या. भाड्याचा मिळाला तर पूर्ण चार्ज केलाय का आणि ओ-रिंगवर (पाणी आत जाऊ न देणारी रबरी कडी) केस-वाळू नाही ना हे आपल्या डोळ्यांनी बघायचं.

आणि सिंहमासा दिसला की टॉर्च त्याच्या पुढच्या छोट्या माशावर धरू नका, तो तुमच्या उजेडात जेवण उरकतो. मजेशीर वाटतं पण झोपलेल्या माशाचा जीव जातो उगाच.

तिरकी चाल
विमानाने जाणार असाल तर सुटे लिथियम सेल केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाहीत. टॉर्चमध्ये साधारणपणे जे '१८६५०' नावाचे सेल असतात ते १०० वॉट-अवरच्या मर्यादेच्या खूप खाली असतात, अडवत नाहीत, पण टोकं टेपने झाका. आणि बॅगेत टॉर्च चुकून चालू राहणार नाही असं करा, हवेत हे दिवे भयंकर तापतात.

लाटेमागे लाट
उशिरा आलो धाग्यावर. लाटांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. भरती-ओहोटीइतकीच लाट महत्त्वाची. अंदाजात फक्त उंची बघू नका, दोन लाटांमधला वेळ पण बघा. एक मीटरची लाट ५ सेकंदाची असेल तर ती वाऱ्याने उठलेली किरकिरी लाट, तीच १४ सेकंदाची असेल तर लांबून आलेली आणि किनाऱ्यावर येऊन दुप्पट वाटणारी. पोचल्या पोचल्या सामान चढवू नका, वीस मिनिटं नुसतं उभं राहून बघा. मोठ्या लाटा गटाने येतात, मग थोडी शांतता, त्या शांततेत आत जायचं. कमरेएवढ्या पाण्यात थांबून फिन्स घालायच्या, वाळू असेल तर उलटं चालत जायचं, पाय घासत, म्हणजे वाळूत बसलेला पाकट मासा निघून जातो. मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर (टाकीतली हवा ज्यातून घेतो तो) तोंडात आणि बीसीडीत (तरंगायला हवा भरायचं जाकीट) थोडी हवा, हे तिन्ही पूर्ण बाहेर येईपर्यंत तसंच. गुडघाभर पाण्यात पोचलो की लोक रेग्युलेटर काढतात आणि नेमकी पुढची लाट पाडते. पाडलं तर पाडलं, रांगत या, कोणी फोटो काढत नाही. काढला तरी काय.

जाड तळव्याचे बूट मात्र हवेतच, रात्री उथळात समुद्री साळी म्हणजे ते काटेरी अर्चिन फिरायला निघतात.

खारट
सामानाबद्दल राहिलं होतं. मास्क स्वतःचा, तो चेहऱ्याला बसायला हवा. त्यानंतर बूट. त्यानंतर पैसे असतील तर डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं मनगटी यंत्र). बीसीडी-रेग्युलेटर भाड्याने घ्या, विकत घेतलेला रेग्युलेटर नियमित सर्व्हिसिंग मागतो आणि विमानात वजन खातो. लांब नारंगी बुई, पाण्यातून वर सोडतात ती, प्रत्येकाकडे हवी. भाड्याचं सामान घेतल्यावर रेग्युलेटरमधून चार श्वास घेताना काट्याकडे बघा, काटा प्रत्येक श्वासाला खाली झुकत असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही.

एक सुचवू का? गाईडला द्यायचे पैसे ॲडव्हान्स्ड कोर्सात घाला. पॅडी या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या कोर्सात पाच डाइव्ह असतात, डीप आणि नेव्हिगेशन सक्तीच्या, बाकी तीन तुम्ही निवडता, त्यात नाईट घेता येते. शोअरवाल्याला नेव्हिगेशनच तर लागतं. कोर्स महाग वाटतो पण त्यात गाईड, सराव आणि सर्टिफिकेट तिन्ही येतं.

बुडबुडा
वा, हे पटलं. तर शुक्ल अष्टमी मध्ये येईल असा आठवडा बघितलाय. पहिले दोन-तीन दिवस कोर्स, मग दोघांच्या शोअर डाइव्ह, एक दिवस बोट, आणि शेवटच्या संध्याकाळी निवांतपणे गाईडबरोबर अजून एक नाईट डाइव्ह. दुसऱ्या दिवशी सकाळी ९ चं विमान. कसं वाटतंय?

शिंपला
विमान!! नाईट डाइव्ह रात्री ८ ला संपली तर सकाळी ९ म्हणजे १३ तास. डॅन या डाइव्हरांच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेच्या सल्ल्याप्रमाणे एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, पण रोज अनेक डाइव्ह करताय तर किमान १८. म्हणजे दुपारी २ च्या आधी विमान नको, आणि बरेच जण २४ सोडतात. गाडीने उंच घाट चढून परत जाणार असाल तरी तोच प्रकार, उंचीवर दाब कमी आणि अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात.

तिरकी चाल
शिवाय सगळ्यात मोठी हौस शेवटच्या दिवशी ठेवू नये. त्या संध्याकाळी वारा सुटला तर तुम्ही "आता परत कधी येणार" म्हणत उतरणार. नाईट डाइव्ह मधे घ्या आणि मागे एक मोकळा दिवस सोडा, हुकली तर दुसऱ्या दिवशी.

बुडबुडा
बरोबर, नाईट डाइव्ह दोन दिवस अलीकडे घेतो, शेवटचा पूर्ण दिवस कोरडा. विमा पण बघतोय, या बुडबुड्यांच्या आजारावर प्रेशर चेंबरमध्ये होणाऱ्या उपचाराचा खर्च धरणारा. शेवटचा बावळट प्रश्न: दोघंही पाण्यात असताना गाडीची किल्ली, फोन, पैसे कुठे ठेवता?

लाटेमागे लाट
अजिबात बावळट नाही, शोअर डाइव्हिंगमधला सगळ्यात जुना प्रश्न आहे. बटणाची किल्ली पाण्यात चालत नाही. गाडी भाड्याने घेताना साधी धातूची किल्ली मिळते का विचारा, ती बीसीडीच्या खिशात आतून क्लिपला अडकवायची. बाकी मौल्यवान काही आणायचंच नाही, गाडी रिकामी दिसली पाहिजे.

निवांत मासा
रात्री मात्र किनाऱ्यावर एक माणूस हवाच, किल्ली पण त्याच्याकडेच. न उतरणारा तिसरा मित्र असेल तर त्याला चहाची लालूच दाखवून न्या. त्याच्याकडे कागदावर लिहून द्यायचं, किती वाजता उतरलो, किती वाजेपर्यंत बाहेर येणार, नाही आलो तर कोणाला फोन. आणि दोन दिवे, एक पाण्याजवळ खाली आणि एक मागे थोडा उंच. पाण्यातून दोन्ही एका ओळीत दिसले की तुम्ही बाहेर यायच्या वाटेवर समोर आहात. पांढरे नकोत, मागच्या दुकानांच्या दिव्यांत हरवतात, हिरवा किंवा लुकलुकता ठेवा. फक्त तो किनारा कासवांच्या अंडी घालण्याचा असेल तर दिवे लावू नका, पिल्लं उजेडाकडे भरकटतात, तिथे बहुतेक नियमच असतो. मग वेगळा किनारा निवडायचा.

बुडबुडा
तिसरा मित्र आहे, त्याला पोहता येत नाही आणि चहा खूप लागतो. त्याचं तिकीट पण बघतो.